वर्महोलमधले टोपॉलॉजिकल दोष : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात रविवारी संध्याकाळी आमचा भौतिकशास्त्राचा एक छोटा गट बसतो. गड्ड्याच्या जत्रेत सुट्टी, एरवी उन्हाळ्यातही चालू. बीएस्सी-एमएस्सीची मुलं, काही शिक्षक, एक यंत्रमागवाले मालक आणि घरी बसवत नाही म्हणून येणारे दोन निवृत्त काका अशी मंडळी असतात. वर्महोल आणि टोपॉलॉजिकल दोष हा विषय लावल्यापासून तेच ते प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून काढली. क्रम काटेकोर नाही. ज्याला जो प्रश्न पडलाय त्याने तिथूनच वाचावं.

आधी हे सांगा, हे खरंच असतं का?

वर्महोल, म्हणजे अवकाशातल्या दोन जागा जोडणारा बोगदा, आजवर कुणाला दिसलेलं नाही. कॉस्मिक स्ट्रिंग, म्हणजे विश्वाच्या आकाराची दोषरेषा, तीही सापडलेली नाही. पण टोपॉलॉजिकल दोष ही गोष्ट मात्र शंभर टक्के खरी आहे. अतिप्रवाही (घर्षणाशिवाय वाहणाऱ्या) द्रवरूप हेलियममधले भोवरे, अतिवाहकात शिरलेल्या चुंबकीय नळ्या, द्रव-स्फटिकांमधल्या रेषा हे सगळे तेच. त्यामुळे या पानावरचं अर्धं भौतिक प्रयोगशाळेत तपासलेलं आहे आणि अर्धं समीकरणांच्या भरवशावर आहे. कुठलं अर्धं कुठलं, ते जागोजागी सांगितलंय.

टोपॉलॉजिकल दोष म्हणजे नक्की काय?

चादरीचं उदाहरण घेऊ, आपल्या गावात ते सोडून दुसरं कशाला? विणताना ताण्यातला एक धागा मध्येच तुटला आणि तसाच पुढे विणलं. तुटल्या जागेपासून लांब कुठेही पाहा, वीण ठीकच दिसते. पण त्या जागेभोवती पूर्ण फेरी मारत धागे मोजले तर वरच्या बाजूला एक कमी भरतो. आजूबाजूचे धागे सरकवून, दाबून, इस्त्री करून तो हिशेब मिटत नाही. दोष मिटवायचा तर तो चादरीच्या काठापर्यंत न्यावा लागेल, नाहीतर उलट्या जातीच्या दुसऱ्या दोषाशी गाठ घालून द्यावी लागेल.

विश्वात धाग्यांच्या जागी क्षेत्र असतं, म्हणजे अवकाशाच्या प्रत्येक बिंदूवर ठरावीक मूल्य असलेली राशी. टॉम किबल यांनी १९७६ साली मांडलं, की तापलेलं आदिविश्व थंड होताना अशा क्षेत्रांना आपली किमान ऊर्जेची अवस्था निवडावी लागली असणार. लांबलांबच्या भागांना एकमेकांची निवड कळायला वेळच नव्हता, कारण प्रकाशाच्या वेगाची मर्यादा. मग जिथे निवडी जुळल्या नाहीत तिथे दोष राहिले. दोनच पर्याय असतील तर पृष्ठभागासारखी डोमेन वॉल, पर्याय वर्तुळावर पसरलेले असतील तर रेषेसारखी कॉस्मिक स्ट्रिंग, गोलावर पसरलेले असतील तर बिंदूसारखा मोनोपोल. हीच कल्पना हेलियमच्या भांड्यात तपासता येईल हे वोयचेख झुरेक यांनी १९८५ मध्ये सुचवलं, आणि पुढे तसे प्रयोगही झाले.

आणि वर्महोल?

इथे थोडक्यात उरकतो, कारण यावर मराठीत बरंच लिहिलं गेलंय. आइन्स्टाइन आणि रोझेन यांनी १९३५ मध्ये अवकाशाचे दोन पट जोडणारा पूल समीकरणांतून काढला. १९६२ मध्ये फुलर आणि व्हीलर यांनी दाखवलं, की तो पूल इतक्या झटकन चिमटला जातो की प्रकाशसुद्धा पार होत नाही. १९७३ मध्ये एलिस आणि ब्रॉनिकोव्ह यांनी स्वतंत्रपणे आरपार जाता येईल असा नमुना दिला. १९८८ मध्ये मॉरिस आणि थॉर्न यांनी असा गळा, म्हणजे वर्महोलचा मधला अरुंद भाग, उघडा ठेवायला काय काय लागेल याची यादीच केली. यादीत नकारात्मक ऊर्जा, म्हणजे रिकाम्या अवकाशापेक्षाही कमी ऊर्जा, होती, आणि तिथपासून घोडं अडलंय.

चित्रात वर्महोलचा गळा नळीसारखा असतो. मग दोरी त्याच्याभोवती गुंडाळता येईल ना?

नाही. आणि हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, दोष त्या चित्राचा आहे.

कागदावर अवकाशाची तिसरी मिती काढता येत नाही, म्हणून चित्रकार ती टाकून देतो. चित्रात गळ्याचा छेद वर्तुळ दिसतो, प्रत्यक्षात तो गोल पृष्ठभाग आहे. वर्महोलचं तोंड म्हणजे भोक नसून अवकाशात तरंगणारा गोळा. कुठल्याही बाजूने आत शिरा, पलीकडे निघता.

याचा दोषांवर थेट परिणाम होतो. नळीभोवतीचं वेटोळं अडकून बसतं. पण गोलावर विषुववृत्तासारखं वेटोळं घातलं तर ते ध्रुवाकडे सरकवत शून्यावर आणता येतं. म्हणून गळ्याला फास घातलेली कॉस्मिक स्ट्रिंग टिकत नाही. ती घसरते, आकसते, गुरुत्वीय लहरी सोडत संपते. गोल गळ्याला घट्ट लपेटून बसू शकते ती पृष्ठभागासारखी वस्तू, म्हणजे डोमेन वॉल. रेषेला अडकायचंच असेल तर तिने गळ्यातून आरपार गेलं पाहिजे.

एवढं एक पक्कं बसलं की पुढचे प्रश्न निम्मे सुटतात.

मग डोमेन वॉल गळ्यात अडकली तर काय होतं?

माझ्या मते सगळ्या विषयातला हा सर्वांत देखणा भाग आहे.

साध्या सपाट अवकाशात गोलाकार डोमेन वॉल जगत नाही. तिच्यात ताण असतो, क्षेत्रफळ कमी झालं की ऊर्जा कमी होते, म्हणून ती आकसत आकसत केंद्रात कोसळते. यामागे एक मोठं प्रमेयही आहे: डेरिक यांनी १९६४ मध्ये सिद्ध केलं, की तीन मितींच्या सपाट अवकाशात साध्या अदिश क्षेत्राची स्थिर, टिकाऊ गाठ असूच शकत नाही.

आता एलिसचं वर्महोल घ्या. गळ्याची त्रिज्या a, आणि गळ्यापासूनचं अंतर l. तिथल्या गोलाचं क्षेत्रफळ 4π गुणिले (l² + a²) येतं. l शून्य असताना, म्हणजे ऐन गळ्यात, ते सर्वांत कमी. वॉल गळ्यात बसली की तिला आकसायला जागाच उरत नाही. डावीकडे ढकला, क्षेत्रफळ वाढतं. उजवीकडे ढकला, तरी वाढतं. ती मागेपुढे झुलते आणि पुन्हा गळ्यात येते. गळ्याच्या एका बाजूला क्षेत्राची एक निवड, दुसऱ्या बाजूला दुसरी. डेरिकचं प्रमेय इथे लागू होत नाही, कारण अवकाश सपाटच नाही.

अर्थात वॉल हलकी आहे असं इथे धरलंय. जड वॉलचं स्वतःचं गुरुत्व दोन्ही बाजूंच्या वस्तूंना दूर लोटतं, हे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच लक्षात आलं होतं. तेव्हा मग गळ्याचा आकारच बदलायला लागेल.

पण वर्महोलची दोन्ही तोंडं आपल्याच विश्वात असली तर?

हा प्रश्न यंत्रमागवाल्या मालकांनी विचारला आणि एमएस्सीची मुलं गप्प झाली.

तेव्हा हिशेब बदलतो. समजा एका तोंडातून शिरलो, वॉल ओलांडली, क्षेत्राची निवड 'अधिक'ची 'उणे' झाली. दुसऱ्या तोंडातून बाहेर पडून नेहमीच्या रस्त्याने पहिल्या तोंडापाशी परत आलो, तर तिथे पुन्हा 'अधिक'च पाहिजे. म्हणजे बाहेरच्या वाटेवर कुठेतरी आणखी एक वॉल ओलांडावी लागणारच. बंद फेरीत वॉल नेहमी सम संख्येनेच भेटतात.

ही दुसरी वॉल एखाद्या तोंडाला वेढून असेल तर ताणामुळे आकसत त्या तोंडावर येते, आत शिरते, गळ्यातल्या पहिलीला भिडते आणि दोघी नष्ट होतात. थोडक्यात, वॉलचं कुलूप दोन वेगळी विश्वं जोडणाऱ्या वर्महोलमध्ये टिकतं, एकाच विश्वातल्या वर्महोलमध्ये ते आपोआप उघडू शकतं. अपवाद एकच: वर्महोलमधून फेरी मारून आलं की चिन्ह उलटं होतं अशी पिळाची क्षेत्रं. क्रिस आयशॅम यांनी १९७८ मध्ये अशा क्षेत्रांचा विचार केला होता. तिथे गळ्यातली एकटी वॉल चालते.

कॉस्मिक स्ट्रिंग आरपार गेली तर?

एका तोंडातून आत, दुसऱ्यातून बाहेर आणि बाहेरून दोन्ही टोकं जोडलेली, अशी बंद स्ट्रिंग डोळ्यांसमोर आणा. ती शून्यापर्यंत आकसू शकत नाही, कारण वर्महोलमधून जाणारी ती फेरीच न आकसणारी आहे. ती ताठ होते आणि दोन्ही तोंडांना एकमेकांकडे ओढते.

बाहेरच्या निरीक्षकाला मात्र वेगळंच दिसतं. त्याला एका गोळ्यावर संपणारी स्ट्रिंग दिसते. चुंबकीय प्रवाह वाहणारी स्ट्रिंग असेल तर तो म्हणेल, की या गोळ्यात मोनोपोल, म्हणजे एकटा चुंबकीय ध्रुव, आहे, त्याशिवाय प्रवाह जातो कुठे? दुसऱ्या तोंडापाशी बसलेला म्हणेल, इथे उलट्या जातीचा मोनोपोल आहे. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि मोनोपोल एकही नाही.

आणि खराखुरा मोनोपोल आत गेला तर?

विद्युतभाराचं जे होतं तेच. क्षेत्ररेषा मध्येच तुटत नाहीत. भार पहिल्या तोंडातून शिरून दुसऱ्यातून बाहेर पडला, की त्याच्या क्षेत्ररेषा गळ्यात ओवलेल्या राहतात. पहिल्या तोंडावर तेवढाच भार दिसू लागतो, दुसऱ्यावर तेवढाच उलटा. एकूण बेरीज आधी होती तीच. मिस्नर आणि व्हीलर यांनी १९५७ मध्ये याच वाटेने विचारलं होतं, की भार नसतानाही नुसत्या अवकाशाच्या घडणीतून भार दिसू शकेल का. उत्तर होकारार्थी आलं.

याहून गमतीचा प्रकार ग्लोबल मोनोपोलचा. साळिंदराच्या काट्यांसारखे प्रत्येक बिंदूतून बाहेर रोखलेले बाण असं ते क्षेत्र असतं. सपाट अवकाशात केंद्रात बाण कुठे रोखायचा हे ठरत नाही, म्हणून क्षेत्राला तिथे आपली किमान अवस्था सोडावी लागते आणि दाट ऊर्जेचा गाभा तयार होतो. वर्महोलला केंद्रच नाही. गोल लहान होत होत गळ्यापर्यंत येतात आणि पलीकडे पुन्हा मोठे होतात. बाणांचा पिळा पूर्ण शाबूत, गाभा गायब. पलीकडच्या माणसाला तेच बाण आत रोखलेले दिसतात, म्हणजे त्याच्या लेखी तो प्रति-मोनोपोल.

मला यात खरी गोम दिसते ती ही: सपाट अवकाशात पिळा सांभाळायला पदार्थाचा गाभा लागतो, वर्महोलमध्ये ते काम भूमिती फुकटात करते. एक अडचण तेवढी तशीच राहते. बारिओला आणि विलेंकिन यांनी १९८९ मध्ये दाखवल्याप्रमाणे या क्षेत्राची ऊर्जाघनता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते, त्यामुळे दूरवरची एकूण ऊर्जा वाढतच जाते. गाभा काढला म्हणून ती अडचण जात नाही.

कॉस्मिक स्ट्रिंग किती जड असते? तिच्याजवळ गेलं तर ओढले जाऊ का?

महाएकीकरणाच्या ऊर्जेला (जिथे गुरुत्व सोडून बाकीची बलं एक होतात असं मानतात) तयार झालेली असेल तर एका मीटरचं वस्तुमान सुमारे १०²¹ किलो. जेमतेम ५५ मीटर तुकड्यात चंद्र मावतो. आणि तरी सरळ स्ट्रिंग ओढत नाही. तिच्यातला ताण तिच्या ऊर्जेइतकाच असतो आणि दोघांचे परिणाम एकमेकांना खातात.

ती करते काय, तर अवकाशाचा कोन चोरते. घरी करून पाहा. जाड कागदातून ६० अंशांची पाचर कापा आणि कडा चिकटवून शंकू करा. टोकापासून १० सेंटीमीटरवर फेरी मोजली तर ६२.८ ऐवजी ५२.४ सेंटीमीटर भरते. टोक सोडलं तर कागद कुठेही वाकलेला नाही, मुंगीला चालताना काहीच वेगळं वाटणार नाही. पण टोकाच्या दोन्ही बाजूंनी समांतर निघालेल्या दोन मुंग्या पुढे एकमेकींना भेटतात. म्हणून स्ट्रिंगमागची दीर्घिका दोनदा दिसते. वरच्या स्ट्रिंगसाठी चोरलेला कोन सुमारे ५ विकला, म्हणजे अंशाचा सातशेवा भाग. आदिविश्वाचं उरलेलं प्रारण मोजणाऱ्या प्लँक उपग्रहाच्या निरीक्षणांनंतर इतक्या जड स्ट्रिंग बाद झाल्यात. फार तर याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास वाव उरतो.

या स्ट्रिंग वापरून वर्महोल उघडं ठेवता येईल?

नेहमीच्या स्ट्रिंगने नाही. कारण कोलकात्याच्या अमलकुमार रायचौधुरी यांच्या १९५५ च्या समीकरणात आहे. वर्महोलमध्ये शिरताना जवळ येणारे प्रकाशकिरण पलीकडे फाकायला हवेत, आणि साधा पदार्थ किरण जवळच आणतो. फाकवायचे तर नकारात्मक ऊर्जा पाहिजे. साधी कॉस्मिक स्ट्रिंग या बाबतीत अगदी उंबरठ्यावर आहे, स्वतःच्या दिशेने ती मर्यादेला टेकते, पण ओलांडत नाही.

मॅट व्हिसर यांनी १९८९ मध्ये उलट्या स्ट्रिंगची रचना दिली, ती मला फार आवडते, कारण हिशेब वहीच्या एका पानात होतो. दोन सपाट विश्वं घ्या. दोन्हींतून एकसारखा घनाकृती तुकडा कापून फेकून द्या. उरलेल्या भोकांच्या बाजू एकमेकींना चिकटवा. सपाट बाजूंवर कुठलाच पदार्थ लागत नाही. बाजूतून आरपार जाणाऱ्याला धक्का नाही, खेच नाही. सगळा भार १२ कडांवर. घनाच्या कडेभोवती बाहेरच्या बाजूला २७० अंश असतात, दोन विश्वांचे मिळून ५४०. म्हणजे ३६० पेक्षा १८० अंश जास्त. चोरण्याऐवजी जादा कोन घालायचा तर स्ट्रिंगचं वस्तुमान उणे हवं, आणि आकडा येतो मीटरला सुमारे उणे १.७ × १०²⁶ किलो. प्रत्येक मीटरला २८ पृथ्व्या, त्याही उणे! घन लहान केला तरी मीटरचा भाव तोच, फक्त एकूण लांबी घटते.

किमान किती नकारात्मक ऊर्जा लागेल यावर २००३ मध्ये व्हिसर, सायन कर आणि पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतले नरेश दधिच यांनी दाखवलं, की योग्य भूमिती निवडली तर एकूण प्रमाण हवं तितकं कमी करता येतं. शून्य मात्र नाही.

अलीकडे काही नवीन झालंय का?

हो, आणि नेमकं आपल्याच विषयात. २०१९ मध्ये फू, ग्राडो-व्हाइट आणि मॅरॉल्फ यांनी उलट्या भाराच्या दोन कृष्णविवरांना जोडणारं वर्महोल घेतलं. बाहेरून एक कॉस्मिक स्ट्रिंग त्यांना एकमेकांवर आदळू देत नाही. दुसरी गळ्यातून आरपार जाते, वर सांगितलेली ती न आकसणारी फेरी. या दुसरीच्या क्वांटम कंपनांमधूनच थोडी नकारात्मक ऊर्जा मिळते, आणि तेवढीच गळा किंचित उघडायला पुरते. उणे वस्तुमानाची स्ट्रिंग आणायची गरज नाही, अडकलेल्या साध्या दोषानेच काम भागतं.

त्याच वर्षी होरोविट्झ, मॅरॉल्फ, सँटोस आणि वांग यांनी मांडलं, की ताणलेली स्ट्रिंग क्वांटम प्रक्रियेने तुटू शकते आणि तुटल्या टोकांवर जोडलेली कृष्णविवरं, म्हणजेच वर्महोल, जन्माला येऊ शकतं. सगळं कागदावर. पण पन्नास वर्षांपूर्वीच्या कागदापेक्षा पुष्कळ नेटका कागद.

प्रयोगशाळेत काय दिसतं?

दोन मितींचं वर्महोल करता येतं, आणि तिथे गळा खरोखरच नळी असतो. ग्राफीनचे, म्हणजे एका अणूइतक्या जाडीच्या कार्बनचे, दोन पत्रे कार्बनच्या नळीने जोडले तर काय होईल, याचं गणित गोन्सालेस आणि हेरेरो यांनी २०१० मध्ये केलं. ग्राफीनची जाळी षटकोनांची. षटकोनाच्या जागी पंचकोन आला की ६० अंशांची पाचर कापल्यासारखं होतं, सप्तकोन आला की ६० अंशांची पाचर घातल्यासारखं. गोल बंद करायला ७२० अंश कापावे लागतात, म्हणून फुटबॉलवर नेमके १२ पंचकोन. दोन पत्र्यांना नळीने जोडताना उलटं, ७२० अंश घालावे लागतात, म्हणून १२ सप्तकोन, प्रत्येक जोडावर ६. कारागिराची मर्जी इथे चालत नाही. दोष नको म्हटलं तर गळाच होणार नाही. (व्हिसरच्या घनालाही १२ कडा आहेत, तो योगायोग. तिथे दुसरा कुठलाही बहुफलक चालतो.)

हे नुसतं गणित नाही, त्याचं भावंड पाहिलं गेलंय. २०१० मध्येच अर्व्हाइन, विटेली आणि चेइकिन यांनी मधे बारीक कंबर असलेल्या द्रवाच्या पुलावर सूक्ष्म कणांची जाळी बसवली. पूल ओढत नेला, वक्रता वाढत गेली, तशा आधी जाळीत चुण्या पडल्या आणि मग सुटे सप्तकोन दिसू लागले.

अतिप्रवाही हेलियमची पातळ फिल्म अशा गळ्यावर पसरली तर आणखी एक नियम लागू होतो. गळ्याभोवतीचं अभिसरण ठरावीक पायऱ्यांनीच बदलतं, आणि एक भोवरा गळ्यातून पलीकडे गेला की बरोबर एक पायरी बदलते. गळा मोजून ठेवतो, कोण गेलं ते.

आकाशात शोध चालू आहे का?

२००३ मध्ये एकसारख्या दोन दीर्घिकांची जोडी सापडली होती, सीएसएल-१. कॉस्मिक स्ट्रिंगच असं बऱ्याच जणांना वाटलं. २००६ मध्ये हबल दुर्बिणीने पाहिलं, तर त्या खरोखरच शेजारी असलेल्या दोन वेगळ्या दीर्घिका निघाल्या. जून २०२३ मध्ये पल्सारांच्या, म्हणजे नियमित स्पंद पाठवणाऱ्या ताऱ्यांच्या, ठोक्यांमधून गुरुत्वीय लहरींच्या मंद पार्श्वभूमीचे पुरावे जाहीर झाले. त्यात आपल्या नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीची निरीक्षणंही होती. महाकाय कृष्णविवरांच्या जोड्या हे त्याचं सरळ स्पष्टीकरण, पण स्ट्रिंगची वेटोळीही उमेदवारांच्या यादीत आहेत. वर्महोलच्या उणे वस्तुमानाच्या तोंडांमुळे मागच्या ताऱ्याचा प्रकाश कसा चढेल-उतरेल याचं भाकीत १९९५ मध्येच झालंय, तसा आलेख अजून मिळालेला नाही.

वर्महोलमधून भूतकाळात जाता येतं का?

या पानाचा विषय नाही. काकांना दर वेळी हेच सांगतो.

सोलापुरात राहून हे शिकता येईल?

येईल. रेषीय बीजगणित, अवकलनीय भूमिती आणि होमोटोपी गटांची तोंडओळख, या क्रमाने जा. सापेक्षता त्यानंतर. बहुतेक मुलं उलटं करतात आणि टेन्सरांच्या खालच्या-वरच्या अंकांत गुंतून पडतात. १९९० च्या दशकापासूनचे बहुतेक शोधनिबंध आर्काइव्ह या संकेतस्थळावर फुकट मिळतात, त्याआधीचे ग्रंथालयातून मिळवावे लागतात. मॉरिस-थॉर्न यांचा १९८८ चा निबंध तर शिकवण्यासाठीच लिहिलाय, एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला झेपतो. आयुकातलं व्याख्यान ऐकायचं असेल तर सकाळची हुतात्मा एक्सप्रेस आहेच. जाताना पेन्सिल आणि कोरे कागद घ्या, एलिसच्या वर्महोलमधल्या वॉलचा हिशेब दौंड येईपर्यंत होतो.